बिनमागणीची कला

आपल्या सुशिक्षित समाजात काही मते इतकी रूढ झालेली आहेत की, ती प्रथम कोणी मांडली आणि कशाच्या आधारावर मांडली, हे विचारण्याचेसुद्धा कोणास सुचत नाही. ‘जे काम कोणी मागितलेले नाही ते काम नव्हे, तो केवळ छंद’ हे अशांपैकीच एक मत होय. वकिलाने पक्षकारावाचून कायद्याचे ग्रंथ चाळले तर आपण त्यास व्यासंगी म्हणतो. वैद्याने रोग्यावाचून वनस्पती धुंडाळल्या तर त्यास संशोधक म्हणतो. परंतु पुस्तकांची मुखपृष्ठे, दुकानांच्या पाट्या, गोष्टींतील चित्रे आणि दिवाणखान्यांची मांडणी करून पोट भरणारा जो चित्रकार, ज्यास आज सर्रास डिझायनर म्हणतात, त्याने रात्री जागून एखादी अक्षरमाला रेखिली, कोणत्याही प्रकाशकाने न दिलेल्या कथेसाठी चित्रे काढली, अगर भाड्याच्या दोन खोल्यांत स्वतःच्या कल्पनेप्रमाणे फळ्या ठोकून पाहिल्या, की घरची माणसे म्हणतात, ‘रिकामपणाचा उद्योग चालला आहे!’ हे मत इतिहासाच्या दृष्टीने खोटे, परिणामाच्या दृष्टीने घातक आणि विद्येचा अभिमान बाळगणाऱ्या वर्गास न शोभणारे आहे, असे आमचे म्हणणे आहे. आणि ते आम्ही येथे साधार मांडणार आहोत.

प्रतिपक्षावर अन्याय होऊ नये म्हणून त्याचे म्हणणे आधी नीट सांगितले पाहिजे. तो म्हणतो, ‘चित्रकार दोन प्रकारचे. एक शुद्ध कलेचे उपासक. त्यांनी आपल्या आनंदासाठी चित्रे काढावी, आम्ही ती प्रदर्शनात पाहू. दुसरे उपयोजित कलेचे; त्यांची कला उपयोगासाठी असते आणि उपयोग गिऱ्हाईक ठरवितो. गिऱ्हाईकच नाही तेथे उपयोग कसला? शिवाय काम खरोखर चांगले असेल तर त्यास मागणी येईलच. मागणी न येणे हाच ते टाकाऊ असल्याचा पुरावा. आणि शेवटी, मध्यम स्थितीच्या कुटुंबास असली चैन परवडत नाही.’ हे तिन्ही मुद्दे वरवर पाहता सयुक्तिक वाटतात. म्हणूनच ते इतके दिवस टिकले. पण आपल्याच प्रांताच्या गेल्या दोनशे वर्षांच्या इतिहासाशी ते ताडून पाहिले, म्हणजे त्यांतील एकही उभा राहत नाही.

मराठी मुद्रणाचा प्रारंभच पाहा. गणपत कृष्णाजी यांनी अमेरिकन मिशनऱ्यांचा छापखाना मुंबईत पाहिला आणि त्यांच्या मनाने घेतले की, हे आपणही करावे. त्यांच्याकडे कोणी छपाईचे काम घेऊन आले नव्हते. उलट छापील धर्मग्रंथास हात लावावा की नाही, छापण्याच्या शाईत चरबी तर नसेल ना, अशा शंकांनी ग्रासलेल्या समाजात ते हा उद्योग करू पाहत होते. तरीही त्यांनी शिळायंत्र जमविले, शाईचे प्रयोग केले आणि १८३१ साली पंचांग छापून दाखविले. पुढे त्यांनी अक्षरांचे साचे स्वतः तयार केले, खिळे ओतले, आणि नागरी लिपी शिशात उतरविण्याचे काम पुष्कळ पुढे नेले. मागणी आली ती यानंतर. ज्या पंचांगावाचून पुढे एकही मराठी घर राहिले नाही, ते छापून हवे अशी तक्रार १८३० साली एकाही घराने केलेली नव्हती. जावजी दादाजींनी १८६९ साली निर्णयसागर छापखाना काढला आणि त्यांच्या पदरी असलेल्या राणूजी रावजी आरू यांच्या हाताने नागरी अक्षर जे देखणे रूप पावले, त्याचा पाया याच बिनमागणीच्या खटाटोपात घातला गेला होता.

अलीकडचे उदाहरण हवे असल्यास रघुनाथ कृष्ण जोशी (१९३६–२००८) यांचे घ्यावे. जाहिरातीच्या व्यवसायात त्यांनी नाव मिळविले; पुढे मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत औद्योगिक अभिकल्प केंद्रात ते अध्यापक झाले. पण शिलालेख, पोथ्या आणि भारतातील निरनिराळ्या लिप्यांची वळणे यांचा जो अभ्यास त्यांनी आयुष्यभर केला, तो साबण अगर कापड विकणाऱ्या कोणत्याही जाहिरातदाराने मागितलेला नव्हता. अक्षरांनाच चित्ररूप देऊन त्यांनी कविता केल्या, त्याही कोणी मागितल्या नव्हत्या. आणि पुढे? विंडोज या संगणकप्रणालीबरोबर ‘मंगल’ हा त्यांचा नागरी अक्षरसंच घरोघर आणि कचेरीकचेरीत जाऊन पोचला. तलाठ्याचा दाखला, शाळेचा निकाल, मुलीस लिहिलेले पत्र असे किती कागद त्या अक्षरात उमटले असतील, याची मोजदाद कोण करणार? जे गृहस्थ ‘उपयोग गिऱ्हाईक ठरवितो’ म्हणतात, त्यांनी हे वाक्य बहुधा याच अक्षरात कोठेतरी टंकलेले असेल!

दीनानाथ दलाल (१९१६–१९७१) यांची गोष्ट वाचकांच्या वडीलधाऱ्यांना ठाऊकच असेल. दुसऱ्यांच्या पुस्तकांना असंख्य मुखपृष्ठे करून देत असतानाच त्यांनी १९४५ साली स्वतःच्या हिमतीवर ‘दीपावली’ काढला, आणि चित्रकाराने संपादक व्हावे हा वेडेपणा यशस्वी करून दाखविला. वसंत सरवटे (१९२७–२०१६) हे पेशाने स्थापत्य अभियंते. सिमेंटच्या कंपनीत नोकरी करून उरलेल्या वेळात त्यांनी काढलेली रेखाचित्रे आज मराठी वाङ्मयाच्या इतिहासातून वगळता येत नाहीत. ‘उरलेल्या वेळात’ हा शब्द येथे मुद्दाम लक्षात घ्यावा. ज्यास आपण उरलेला वेळ म्हणतो, त्याच वेळात या माणसांचे मुख्य काम झाले.

तेव्हा पहिल्या मुद्द्याचे उत्तर असे की, उपयोजित कलेत उपयोग असतो हे खरे. पण तो गिऱ्हाइकास आधी दिसत नाही, कारागिरास दिसतो. गिऱ्हाईक जे मागते ते त्याने पूर्वी कोठेतरी पाहिलेले असते. ‘अमक्याच्या घरी आहे तसेच करा’, ‘गेल्या वर्षीच्या अंकासारखेच मुखपृष्ठ हवे’ ही मागणीची भाषा. ज्या दिवशी सर्व डिझायनर केवळ मागितलेलेच देऊ लागतील, त्या दिवशी नवे असे काही जन्मास येणे थांबेल, आणि मग मागण्याजोगेही काही उरणार नाही. दुसऱ्या मुद्द्याचे उत्तरही यातच आले. मागणी न येणे हा जर टाकाऊपणाचा पुरावा मानला, तर १८३० सालचे गणपत कृष्णाजी टाकाऊ ठरतात.

हेच गृहसजावटीस लावून पाहू. १९३७ साली मुंबईत वास्तुतज्ज्ञांच्या संस्थेने आदर्श घराचे प्रदर्शन भरविले. तेव्हापासून आजपर्यंत आपला मध्यमवर्ग आदर्श घर शोधीत आहे, आणि ते त्यास नेहमी दुसऱ्याच कोणाच्या घरी सापडते. आज तर नागपूर, पुणे, ठाणे कोणत्याही शहरी नव्या सदनिकेत जा. तोच छतास लटकवलेला प्लास्टरचा मुखवटा, त्यात दडवलेले तेच दिवे, दूरदर्शनसंचामागे तोच चकचकीत तक्ता. यजमान कोकणातला की वऱ्हाडातला, वैदिक की तबलजी, हे भिंतीवरून ओळखू येत नाही. लाखो रुपये देऊन आपण परक्या सूचिपुस्तकातील खोली विकत घेतो, आणि मुलाने स्वतःच्या खोलीच्या भिंतीवर खडूने चार रेघा ओढल्या तर त्याच्या पाठीत धपाटा घालतो!

याच्या उलट वर्ध्याजवळच्या सेवाग्रामास जाऊन पाहावे. आज जी बापू कुटी म्हणून ओळखली जाते, ती मुळात मीराबेनने स्वतःसाठी बांधलेली झोपडी. माती, बांबू, कौले असे आसपास मिळणारे साहित्य. त्या मातीच्या भिंतींवर तिने ताडाची झाडे मातीतच उठवून काढली. हे काम तिला कोणी सांगितले नव्हते, त्याचे दाम कोणी दिले नव्हते. पुढे गांधीजी त्या कुटीत राहावयास आले, आणि शेकडो राजवाड्यांची सजावट विस्मृतीत गेली तरी ती भिंत पाहावयास जगभरचे लोक आजही येतात. त्याच १९३६ सालच्या डिसेंबरात खानदेशात फैजपूर येथे, खेड्यात भरलेल्या पहिल्या काँग्रेस अधिवेशनाची सजावट नंदलाल बोस यांनी बांबूसारख्या गावच्या साहित्यातून उभारली होती. सुंदर घरास पैसाच लागतो, हा समज येथेच खोटा पडतो.

सेवाग्रामाहून आणखी पश्चिमेस, यवतमाळ जिल्ह्यात शिरले की हीच गोष्ट निराळ्या रूपाने दिसते. पुसद-महागाव भागातील बंजारा तांड्यांतून स्त्रियांनी फेटिया आणि काचळी यांवर आरसे, कवड्या व रंगीत दोरा यांनी जे भरतकाम पिढ्यानपिढ्या केले, ते दुकानासाठी नव्हते. ते स्वतःसाठी, लेकीसाठी होते. त्यातील चौकोन-त्रिकोणांची जुळणी आणि रंगांची धिटाई पाहून कलाशाळेचे विद्यार्थी आज वह्या भरतात. तान्ह्या पोळ्यास लाकडी बैल सजविताना वैदर्भीय मूल जे रंग निवडते, ते त्यास कोणी विकत मागितलेले नसतात. म्हणजे बिनमागणीची कला ही शहरातील चार हौशी तरुणांची चूष नव्हे; खेड्यात तर कलेची तीच स्वाभाविक स्थिती आहे. तेथे जे जे सुंदर आहे ते बहुतेक असेच झालेले आहे.

आणि याच महागाव तालुक्यात फुलसावंगी हे गाव आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये या गावाचे नाव देशभरच्या वृत्तपत्रांतून झळकले, ते एका दुःखद घटनेमुळे. वेल्डिंगच्या कामात लोखंडी कपाटे व कूलर घडविणाऱ्या एका तरुण कारागिराने जुळवाजुळव करून एका आसनाचे हेलिकॉप्टर बनविले होते. स्वातंत्र्यदिन काही दिवसांवर आलेला होता. रात्री त्याची चाचणी घेत असताना पाते तुटले, ते त्याच्या डोक्यास लागले, आणि तो मरण पावला.

कोणी म्हणेल, मुखपृष्ठे आणि दिवाणखाने यांच्या चर्चेत हेलिकॉप्टर कोठून आले? ते आले पाहिजे, याचे कारण असे. शहरात ज्यास अंतर्गत सजावटकार म्हणतात, त्याचे निम्मे काम खेड्यात वेल्डिंगच्या दुकानात होते. कपाट, पलंग, जिन्याचा कठडा, अंगणाचे फाटक, खिडकीची जाळी आणि त्या जाळीत बसविलेला मोर अगर उगवता सूर्य हे सर्व आकार तेथेच ठरतात. खेड्याचा डिझायनर तो हाच. फरक इतकाच की, त्यास त्या नावाने कोणी हाक मारीत नाही. आणि शहरातील डिझायनर जसा दिवसा गिऱ्हाइकाचे काम करून रात्री स्वतःची अक्षरे रेखितो, तसाच फुलसावंगीचा हा तरुण कपाटे घडवून झाल्यावर स्वतःच्या कामास बसत होता. वृत्ती एकच. एकाच्या हातून कागद वाया जातो. दुसऱ्याचा प्राण गेला.

यावर प्रतिपक्ष लगेच उसळून म्हणेल, ‘आम्ही म्हणतो ते याचसाठी! नसत्या उद्योगात पडला म्हणून मेला.’ हा आक्षेप क्रूर आहे, एवढेच सांगून आम्ही तो सोडून देणार नाही. तो चुकीचाही आहे. विमानविद्या ही चित्रकलेसारखी निरुपद्रवी नव्हे, आणि तज्ज्ञाच्या तपासणीवाचून असल्या यंत्रात कोणीही बसू नये, हे आम्हांस पूर्णपणे मान्य आहे. पण तज्ज्ञाची तपासणी त्यास मिळावी कोठून? मुंबईच्या मुलास १८५७ साली स्थापन झालेली सर जे. जे. कलाशाळा आहे, १९३५ पासून तेथे व्यापारी कलेचे शिक्षण आहे. पवईस १९६९ पासून अभिकल्प केंद्र आहे. तेथे विद्यार्थ्याने कोणीही न मागितलेली वस्तू करावी हाच अभ्यासक्रम असतो! त्यास ‘प्रकल्प’ म्हणतात, त्यास गुण देतात, शिक्षक त्यातील दोष दाखवितात, कार्यशाळेत धोक्याच्या यंत्रापाशी माणूस उभा असतो. म्हणजे जी गोष्ट पवईत शिक्षण, तीच गोष्ट फुलसावंगीत खुळेपण. त्या तरुणाचा घात त्याच्या हौसेने केला नाही. त्या हौसेस ना शिक्षक होता ना सोबती, या एकटेपणाने केला. आणि एखाद्यास एकटे पाडणारा समाज तोच, जो त्याच्या कामास काम म्हणावयास तयार नसतो. आपण मात्र दोन दिवस त्याच्या जिद्दीची स्तुती केली, छायाचित्रे पाहिली, हळहळलो आणि पान उलटले.

आता तिसरा मुद्दा, परवडण्याचा. सुशिक्षित कुटुंबे ज्या हिशेबाने ही चैन परवडत नाही म्हणतात, तो हिशेब एकदा उघड करून पाहू. मुलामुलींस एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या चित्रकलेच्या परीक्षांस बसविणारी घरे असंख्य आहेत. का? तर शालान्त परीक्षेत वाढीव गुण मिळतात. गुण पदरात पडले की रंगपेटी माळ्यावर जाते. म्हणजे चित्रकलेवर वेळ व पैसा खर्च करण्यास आपली ना नाही. तिच्यावर प्रेम करण्यास आहे. आणि हेच लोक पुढे घरातील कार्याची पत्रिका नात्यातल्या चित्रकाराकडून ‘जरा काढून दे, तुला काय वेळ लागतो’ म्हणून फुकट करून घेतात! बिनमागणीच्या कामास ते हसतात, आणि मागितलेल्या कामाचे दाम देत नाहीत. यात परवडण्याचा प्रश्न कोठे आला?

प्रकाशकांचेही तेच. तीन चित्रकारांकडून ‘नमुन्यादाखल’ तीन मुखपृष्ठे मागवावी, एक घ्यावे, दोन परत करावी आणि परत केलेल्या श्रमाचा एक पैसाही देऊ नये, ही रीत आपल्याकडे नवी नाही. घेतलेल्या मुखपृष्ठावरही चित्रकाराचे नाव आतल्या पानावर बारीक टंकात सापडले तर सापडले. समीक्षक तर त्याहून वर! शंभर ओळींच्या परीक्षणात मुखपृष्ठाच्या वाट्यास ‘मुखपृष्ठ समर्पक आहे’ एवढीच ओळ येते. कशास समर्पक, का समर्पक, याची चर्चा करण्यास लागणारा अभ्यास कोणी केलेला नसतो.

न्यायाने पाहता डिझायनर बंधुभगिनींसही दोन शब्द सुनावले पाहिजेत. स्वतःसाठी काम करण्याची मोकळीक मिळाली असता पुष्कळजण काय करतात? परदेशी चित्रकाराचे वळण उचलतात, मराठी शब्द इंग्रजी अक्षराच्या धाटणीत कोंबतात, आणि घर सजवावयाचे तर उत्तर युरोपातील हिवाळ्यास शोभणारी खोली वऱ्हाडच्या उन्हाळ्यात थाटतात. ज्या कामात गिऱ्हाइकाचे बंधन नाही तेथेही नक्कलच करावयाची, तर ती मोकळीक कशास हवी? बिनमागणीच्या कामाचे समर्थन आम्ही करतो, ते त्यात माणूस स्वतःचे डोळे वापरतो म्हणून. गावच्या पाटी रंगविणाऱ्या पेंटरने ब्रशाने काढलेला ‘श्री’ आणि फ्लेक्सवर छापलेला ‘श्री’ यांत काय फरक आहे, हे जो शोधून काढील, त्याचा वेळ वाया गेला असे आम्ही म्हणणार नाही.

याच ठिकाणी आजच्या नव्या यंत्राचा विचार करणे प्राप्त आहे. आता चार शब्द सांगितले की संगणक क्षणात चित्र काढून देतो. मग चित्रकारांचे हे सारे कष्ट हवेतच कशाला, असा प्रश्न काही शहाणे विचारू लागले आहेत. आमचे उत्तर असे की, या यंत्राने आमचाच पक्ष बळकट केला आहे. यंत्र मागणी पुरविते. जे मागाल ते, जसे पूर्वी पाहिले तसे, झटपट. म्हणजे ‘मागितलेलेच काम तेवढे काम’ या मताचा तो आदर्श सेवक होय. पण न मागितलेले काही करावे अशी तळमळ त्यास लागत नाही, आणि झोपडीच्या भिंतीवर उगीचच एक ताडाचे झाड उठवावे असे त्याच्या मनात येत नाही. मागणी पुरविणे जर यंत्र करू लागले, तर माणसाकडे नेमके तेच काम उरते ज्यास आपण आजवर रिकामपणा म्हणत आलो.

तेव्हा करावयाचे काय? प्रकाशकांनी मुखपृष्ठकाराचे नाव लेखकाच्या नावाइतक्याच ठळकपणे आत छापावे आणि नाकारलेल्या नमुन्याचेही दाम द्यावे. दिवाळी अंकांनी चार पाने अशी ठेवावी की, जेथे चित्रकार कोणत्याही कथेचा आधार न घेता आपले स्वतःचे काम मांडील. तालुक्याच्या वाचनालयांनी वर्षातून एकदा गावच्या पेंटरचे, सुताराचे, वेल्डरचे आणि भरतकाम करणाऱ्या स्त्रियांचे स्वतःसाठी केलेले काम मांडून दाखवावे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनी आपल्या कार्यशाळा आठवड्यातून एक संध्याकाळ बाहेरच्या कारागिरांस, जाणत्या शिक्षकाच्या देखरेखीखाली, खुल्या कराव्या. त्याने प्रत्येक कल्पना यशस्वी होणार नाही, पण ‘हे पाते टिकणार नाही, थांब’ असे सांगणारा एक माणूस तरी समोर असेल. नागपूरच्या शासकीय चित्रकला महाविद्यालयाने आपले विद्यार्थी सत्रातून काही दिवस अशा गावी धाडावे. ते शिकवून येतील त्यापेक्षा अधिक शिकून येतील.

आणि घरांनी? त्यांच्याकडे आमचे मागणे सर्वांत लहान आहे. घरातील एक भिंत, एक कोपरा, एक रात्र ज्यास हवी त्यास द्यावी, आणि ‘याचा उपयोग काय?’ हा प्रश्न थोडा उशिरा विचारावा. गणपत कृष्णाजींना हा प्रश्न १८३० साली विचारला असता तर त्यांच्यापाशी दाखविण्याजोगे उत्तर नव्हते; १८३१ साली ते छापून आले. फुलसावंगीच्या तरुणास त्याचे उत्तर देण्यास अवकाश मिळाला नाही. त्याच्यासारखे आणखी किती हात या क्षणी गावोगावच्या दुकानांतून, रात्रीच्या दिव्याखाली, एकटेच काम करीत असतील, आणि त्यांपैकी किती आपल्या स्वतःच्या घरात असतील, याचा विचार वाचकांनी करावा.